घरासाठी संगणक : कोणता आणि कशासाठी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की शिक्षकांना हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे : "सर, मुलीसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. कोणता घेऊ?" कोल्हापूरच्या दक्षिणेला, तलावासाठी प्रसिद्ध असलेल्या कळंब्यासारख्या गावात तर हा प्रश्न अधिकच स्वाभाविक आहे. एकेकाळी शेतीवर जगणारे हे गाव आता शहराला चिकटले आहे. एका घरात ऊस आहे, शेजारच्या घरात गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा कामगार आहे, पलीकडे कळंबा रस्त्यावरच्या आयटीआयमध्ये शिकणारा मुलगा आहे. अशा घरात संगणकाची खरेदी वरचेवर होत नाही. एकदा पैसे घातले की पाच-सात वर्षे ते यंत्र चालवावे लागते. म्हणून शिक्षकाने दिलेला सल्ला हा त्या घरापुरता महत्त्वाचा निर्णय ठरतो.

यावर एखाद्या कंपनीचे नाव सांगणे सोपे असते. परंतु ते उत्तर नव्हे. आधी काम ठरवायचे, मग यंत्र. हा क्रम का महत्त्वाचा आहे, ते थोडे मागे जाऊन पाहू या.

भारतातील काही शाळांत संगणक आले ते १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून. त्यात बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक वापरले गेले. त्याच दशकात, १९८६ साली, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा घरगुती संगणक भारतात आणला. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला गाण्यांची असते तशी कॅसेट! बीबीसी मायक्रोच्या 'बी' मॉडेलची स्मृती ३२ किलोबाइट होती. आजच्या साध्या संगणकातील ८ गिगाबाइट स्मृती ही तिच्या २,६२,१४४ पट भरते. (८ × १०२४ × १०२४ ला ३२ ने भागून विद्यार्थ्यांनी ताळा करावा.)

पण त्या लहानशा यंत्राची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ते सुरू केले की पडद्यावर मोजक्या ओळींपलीकडे काही दिसत नसे. आपण काय आज्ञा देतो याची ते वाट पाही. मूल दोन ओळींचा बेसिक प्रोग्रॅम लिही, तेव्हा कुठे काही घडे. आजचा मोबाइल याच्या अगदी उलट वागतो. तो उघडताच पाहायला इतके काही पुढे करतो की स्वतः काही करायची गरजच उरत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा मोबाइलने मोठा आधार दिला हे खरे. परंतु त्यावर धडा पाहता येतो, प्रकल्पाचा दहा पानी अहवाल लिहिणे मात्र जिवावर येते. घरी संगणक हवा तो या दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी.

ओटा आणि फडताळ

दुकानात गेल्यावर तीन शब्द कानावर पडतात : प्रोसेसर, रॅम आणि स्टोअरेज. स्वयंपाकघराच्या उदाहरणाने ते समजून घेऊ. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती, रॅम म्हणजे ओटा आणि स्टोअरेज म्हणजे सामानाचे फडताळ. ओटा लहान असेल तर करणारी कितीही चपळ असो, दर वेळी एक डबा ठेवून दुसरा काढायला तिला फडताळाकडे जावे लागते. रॅम कमी असलेला संगणक रेंगाळतो तो याच कारणाने. आज घरगुती कामाला ८ गिगाबाइट रॅम किमान धरावी. आयटीआयचा किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी संगणकावर यंत्रभागांचे आराखडे काढणार असेल तर १६.

फडताळही दोन प्रकारचे असते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरते, समजा मिनिटाला ५४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा. एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद थांबावे लागते. शिवाय शीर्ष जागेवर सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही. तेथे हेच काम मिलिसेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात होते. म्हणून पाच-सहा वर्षे जुन्या संगणकात केवळ एसएसडी बसवली तरी तो ओळखू न येण्याइतका चपळ होतो. नवा संगणक घेण्यापूर्वी घरात पडून असलेल्या जुन्याचा हा विचार जरूर करावा.

पर्याय कोणकोणते?

डेस्कटॉपचे भाग सुटे असतात. की-बोर्ड बिघडला तर तेवढाच बदलता येतो, रॅम वाढवता येते, पडदा मोठा असतो. माजघरात त्याची जागा ठरलेली असल्याने घरातील सर्वांना तो वापरता येतो आणि मूल काय करते आहे हेही दिसते. त्याची उणीव म्हणजे वीज गेली की तो बंद. वळवाच्या पावसाचे दिवस आठवा! त्यामुळे डेस्कटॉपच्या किमतीत यूपीएसची किंमत धरलीच पाहिजे.

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, तो उचलून नेता येतो, वीजही कमी लागते. परंतु त्याचे भाग दाटीवाटीने बसवलेले असतात; काहींत रॅम मुख्य पट्टीवरच पक्की जोडलेली असते व पुढे वाढवता येत नाही. 'रॅम वाढवता येईल का?' हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारावा.

टॅब्लेट वाचायला, पाहायला आणि चित्रे काढायला उत्तम. लांब लेखन आणि प्रोग्रॅमिंग यांसाठी तोकडा. क्रोमबुक स्वस्त व सुटसुटीत असते, पण त्याची बरीचशी भिस्त इंटरनेटवर असते. शिवाय त्याला सुरक्षा-दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार ती तारीख आधीच ठरलेली असते आणि ती आपल्या खरेदीपासून मोजली जात नाही. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले क्रोमबुक म्हणूनच स्वस्त पडेलच असे नाही.

रास्पबेरी पाय हा २०१२ साली ब्रिटनमध्ये निघालेला, तळहातावर मावणारा संगणक. त्याला घरचा टीव्ही, की-बोर्ड आणि माऊस जोडला की काम सुरू. त्याच्यावरच्या टाचण्यांना दिवे व तापमापक जोडता येतात. विज्ञानाच्या प्रयोगांसाठी याच्याइतका चांगला सोबती नाही. मात्र जोडाजोडीचा उत्साह घरात असावा लागतो.

शेवटचा पर्याय कार्यालयांतून निघालेल्या, दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या संगणकांचा. येथे सावध राहावे. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचे साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. त्याहून जुने यंत्र फेकून द्यावे असे नाही. त्यावर उबुंटू, मिंट किंवा सी-डॅकची 'बॉस' अशी लिनक्स प्रणाली मोफत बसवता येते. लेखन, हिशेब, प्रोग्रॅमिंग, युनिकोड मराठी आणि इन्स्क्रिप्ट की-बोर्ड हे सारे तिच्यावर चालते. अडचण येते ती एखादा ठरावीक प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालत असेल तेव्हा. तो लागणार आहे का, हे आधी अभ्यासक्रमात पाहून घ्यावे.

विजेचा हिशेब

समजा, संगणक रोज ४ तास चालतो. म्हणजे महिन्याला १२० तास. पडद्यासह डेस्कटॉपला १०० वॅट धरले तर १२ युनिट होतात. लॅपटॉपला ३० वॅट धरले तर ३.६ युनिट. रास्पबेरी पायला १० वॅट म्हणजे जेमतेम १.२ युनिट; पण ५० वॅटचा टीव्ही जोडलेला असल्याने प्रत्यक्षात ७.२. यंत्रावर लिहिलेले आकडे घेऊन हा हिशेब वर्गात करता येईल.

गुण देऊन निवड

प्रत्येक गरजेला महत्त्वानुसार भार आणि प्रत्येक यंत्राला ५ पैकी गुण द्यावेत. एका घरासाठी असे धरू : लेखन व प्रोग्रॅमिंग भार ५, दुरुस्तीची सोय ४, वीज गेल्यावर चालणे ३, हलवता येणे १. या क्रमाने डेस्कटॉपला ५, ५, १, ० गुण दिले तर बेरीज २५ + २० + ३ + ० = ४८. लॅपटॉपला ४, ३, ५, ५ दिले तर २० + १२ + १५ + ५ = ५२. टॅब्लेटला १, १, ५, ५ दिले तर २९. म्हणजे लॅपटॉप पुढे. आता डेस्कटॉपला यूपीएस जोडला व तिसरा गुण १ वरून ३ केला, तर त्याची बेरीज ५४ होते आणि उत्तर बदलते! मात्र मुलगी पुढच्या वर्षी पुण्याला वसतिगृहात जाणार असेल, तर हलवण्याचा भार १ वरून ४ होईल आणि लॅपटॉप ६७ गुणांनी पुन्हा पुढे जाईल.

यंत्रे तीच, दुकान तेच. घर बदलले की उत्तर बदलले. एकच उत्तर सर्वांना सांगणे चुकीचे का, हे यावरून विद्यार्थ्यांनाही पटेल.

खरेदी करताना काही गोष्टी पाळाव्यात. पक्के बिल व वॉरंटीचा कागद घ्यावा. जुने यंत्र असेल तर दुकानातच बंद करून पुन्हा सुरू करून पाहावे, आणि लॅपटॉप चार्जर काढून अर्धा तास चालवावा. घरात अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या जोडणीतच तो लावावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरच्या सखल भागांतील घरांत पाणी शिरले होते. तेव्हा डेस्कटॉपचा डबा जमिनीवर ठेवू नये आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

पालक पुन्हा विचारायला येतील तेव्हा आपण त्यांना चार प्रश्न विचारावेत : घरात कोणकोण वापरणार? त्यावर काय तयार करणार? किती वर्षे चालवायचा? बिघडला तर दुरुस्त कुठे होणार? त्यांची उत्तरे मूल आणि पालक यांनी एकत्र बसून कागदावर लिहिली, की दुकानात काय मागायचे ते त्यांना स्वतःलाच कळेल.