एका पाण्यात कोण कोण नांदेल?

लंडनच्या पश्चिम उपनगरातील आमच्या घरी मागील वर्षी सप्टेंबर महिन्यात १०० लिटरची मत्स्यपेटी आली. कन्येच्या सातव्या वाढदिवसाची ती भेट होती. आम्ही दोघेही संगणक क्षेत्रातले. कोणतेही काम हाती घेतले की आधी वाचन आणि मग कृती, ही आमची सवय. त्यामुळे पाण्याची तयारी आम्ही चोख केली. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट माशांना प्राणघातक ठरतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते आणि पाणी बदलून ते कमी करता येते. हे जिवाणू रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही मासे न आणता, पाण्यात थोडा थोडा अमोनिया घालून, पाच आठवडे रिकामी पेटी चालवली. दोन्ही चाचण्या शून्य दाखवू लागल्या तेव्हाच दुकानात गेलो.

इतका संयम पाण्याच्या बाबतीत दाखवला आणि मासे मात्र पंधरा मिनिटांत निवडले. कन्येने रंगांवर बोट ठेवले आणि आम्ही मान डोलावली. दहा निऑन टेट्रा, नाण्याएवढे दोन एंजलफिश आणि काचेवरचे शेवाळ खाणारा म्हणून बोटभर लांबीचा एक प्लेको. हे सगळे एकत्र राहतील का, असे आम्ही विचारले. राहतील, असे उत्तर मिळाले. त्या दिवशी तरी ते खरेच होते.

कन्या रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी निऑन मोजत असे. जानेवारीपर्यंत ते दहा होते, मग नऊ झाले, मग आठ. मेलेला मासा कोठेच दिसेना. आम्ही वनस्पतींच्या मुळांत शोधले, फिल्टर उघडून पाहिला. “आई, ते जातात कुठे?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. फेब्रुवारीत एका पहाटे दिवा लावला, तेव्हा मोठ्या एंजलच्या तोंडातून निळ्या पट्ट्याची शेपटी बाहेर डोकावत होती. त्या दिवशी मोजणी सहावर आली.

एंजलचा यात काहीच दोष नव्हता. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातला शिकारी मासा आहे. शरीराची लांबी सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि तोंडात मावेल तो लहान मासा हे त्याचे अन्न असते. निऑन जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा. नोकरीत दोन प्रणाली एकमेकींशी जुळतात का, हे तपासल्याशिवाय आम्ही एक ओळही पुढे पाठवत नाही. येथे जिवंत प्राणी एकत्र ठेवताना आम्ही तो प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता.

त्यानंतर जे शिकलो, ते मंडळातील ज्या कुटुंबांना असा छंद सुरू करावयाचा आहे त्यांच्यासाठी येथे मांडतो.

पहिला प्रश्न पाण्याचा. घरातील किटलीच्या तळाशी पांढरा थर साचत असेल, तर नळाचे पाणी कठीण आहे असे समजावे. लंडन परिसरात ते तसेच आहे. स्कॉटलंडच्या बहुतेक भागांत मात्र ते मृदू असते. प्लॅटी, मॉली, गप्पी यांना कठीण पाणी मानवते. निऑनचे मूळ स्थान मृदू, आम्लयुक्त पाण्याचे. शेतीत वाढवलेले निऑन मध्यम कठीण पाण्याशी जुळवून घेतात, परंतु डिस्कससारख्या नाजूक माशाचा हट्ट येथे धरू नये. पाणी कोणतेही असो, त्यातील क्लोरीन घालवणारे द्रावण मिसळल्याशिवाय ते पेटीत ओतू नये.

दुसरा प्रश्न तापमानाचा. गोल्डफिशला थंड पाणी लागते आणि तो घाणही फार करतो. उष्ण प्रदेशातील माशांबरोबर तो ठेवू नये.

तिसरा प्रश्न पूर्ण वाढीचा. दुकानातील मासा हे बहुधा पिल्लू असते. आमचा बोटभर प्लेको ३० सेंटिमीटरच्याही पुढे वाढणारा निघाला.

चौथा प्रश्न स्वभावाचा. टायगर बार्ब लांब पर कुरतडतात, म्हणून एंजल, गुरामी वा फायटर यांच्या शेजारी त्यांना जागा नाही. दोन नर फायटर एका पेटीत कधीही ठेवू नयेत.

पाचवा प्रश्न सोबतीचा. निऑन, कोरीडोरस, झेब्रा डॅनिओ हे थव्याने जगणारे मासे आहेत. प्रत्येक जातीचे दोन-दोन आणण्याऐवजी एकाच जातीचे किमान सहा आणावेत. एकटा पडलेला निऑन कोपऱ्यात दबून राहतो, त्याचा रंगही फिकटतो.

सहावा प्रश्न थराचा. काही मासे पृष्ठभागाशी, काही मध्यभागी, तर काही तळाशी वावरतात. तिन्ही थर वाटून दिले की गर्दी जाणवत नाही. कोरीडोरस तळाशी अन्न हुंगतो. धारदार खडीने त्याच्या मिशा झिजतात, म्हणून त्याच्यासाठी बारीक वाळू हवी.

हे सारे कळल्यावर खरा कठीण निर्णय पुढे उभा राहिला. मोठ्या एंजलला कन्येने ‘राणी’ असे नाव दिले होते. ती हात काचेला लावताच धावत येत असे. राणी ठेवायची तर उरलेले सहा निऑन जाणार, निऑन ठेवायचे तर राणीला निरोप द्यावा लागणार. आम्ही दोन्ही बाजू कन्येपुढे ठेवल्या आणि निर्णय तिच्यावर सोपवला. ती दोन दिवस काहीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “राणीला मोठं घर मिळेल. निऑनना दुसरं घर कोण देणार?” मत्स्यपालनाचा छंद असलेल्या एका शेजारी गृहस्थांकडे ४५० लिटरची पेटी होती, दोन्ही एंजल आणि प्लेको त्यांच्याकडे गेले. नको झालेला मासा कालव्यात वा तळ्यात सोडणे या देशात बेकायदेशीर आहे आणि तेथील जीवांना घातकही आहे, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

आज आमच्या पेटीत मध्यथरात दहा निऑन, तळाशी सहा ब्राँझ कोरीडोरस आणि वर पाच नर प्लॅटी आहेत. नर व मादी एकत्र ठेवल्यास प्लॅटींची संख्या काही महिन्यांत आवरेनाशी होते. पाणी २४ अंशांवर असते. दर रविवारी त्यातील पाव हिस्सा बदलतो. नव्या जाती एकदम न आणता दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने आणल्या.

मध्यंतरी दुकानात लाल पट्ट्याचा एक देखणा बार्ब दिसला. तो केरळच्या नद्यांमधला. २०१३ साली संशोधकांनी त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ हे नाव दिले आहे. परदेशात आपल्या डोंगराचे नाव धारण करणारा मासा पाहून मन हळवे झाले, हात खिशाकडे गेला. परंतु तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला सोबतीला आणखी पाच-सहा जण आणि वाहते पाणी लागते. शिवाय निसर्गात तो संकटग्रस्त आहे. आमची पेटी त्याच्यासाठी अपुरी होती. या वेळी “नको” हा शब्द आमच्याआधी कन्येनेच उच्चारला.

ती अजूनही रोज सकाळी मोजते. मार्चपासून मोजणी दहावरून हललेली नाही.