चौदाव्या रस्त्यावरचा दोन डॉलरचा तंटा

न्यूयॉर्कचा चौदावा रस्ता युनियन स्क्वेअरला लागून जातो. शतकापूर्वी अमेरिकी सिनेमातले दोन हाडवैरी याच रस्त्यावर धंदा करत होते.

११ क्रमांकाच्या घरात १९०६ पासून बायोग्राफ कंपनीचा स्टुडिओ होता. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ इथेच दिग्दर्शक झाला, मेरी पिकफर्ड १९०९ मध्ये इथेच कॅमेऱ्यासमोर आली. पुढे अर्व्हिंग प्लेसच्या कोपऱ्यावर १८५४ सालचं ‘अकॅडमी ऑफ म्युझिक’ हे ऑपेरागृह. हंगेरीत जन्मलेला थिएटरमालक आणि चित्रपट वितरक विल्यम फॉक्स याने ते भाड्याने घेतलं. १९२६ मध्ये ते पाडलं गेलं आणि आता तिथे ‘कॉन एडिसन’ या वीज कंपनीचा घड्याळाचा मनोरा आहे. फॉक्सच्या जागेवर एडिसनचं नाव लागावं, हा योगायोग त्याला खचितच रुचला नसता.

कारण भांडण एडिसनच्या गोटाशीच होतं. १९०८ च्या अखेरीस एडिसन, बायोग्राफ आणि इतर निर्मात्यांनी कॅमेरा, फिल्म व प्रोजेक्टरची पेटंटं ‘मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी’च्या ताब्यात दिली. थिएटरवाल्यांना फर्मान निघालं: दर आठवड्याला दोन डॉलर भरा आणि फक्त आमच्याच गटाची चित्रं दाखवा. पाच सेंटांच्या तिकिटाच्या हिशेबात ही चाळीस माणसांची कमाई. पण पैशांपेक्षा झोंबली ती दादागिरी. प्रोजेक्टर रोख मोजून विकत घेतलेला आणि मालकी मात्र दुसऱ्याची!

१९१० पासून या गटाची ‘जनरल फिल्म कंपनी’ वितरकांना एकेक करून विकत घेऊ लागली. फॉक्सने आपली वितरण कंपनी विकली नाही, तेव्हा १९११ मध्ये तिचा परवानाच रद्द झाला. तो कोर्टात गेला. ऑगस्ट १९१२ मध्ये सरकारनेही मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला आणि १ ऑक्टोबर १९१५ रोजी निकाल पेटंट्स कंपनीच्या विरोधात गेला.

शेवटचा घाव बहात्तराव्या रस्त्यावरच्या एका थिएटरच्या प्रोजेक्टरवरून बसला. त्यावर पट्टी ठोकलेली होती: परवानाधारकांचीच चित्रं चालवा, ही पट्टी काढलीत तर यंत्र वापरायचा हक्क संपला. ९ एप्रिल १९१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट मोडीत काढली. यंत्राच्या पेटंटाच्या जोरावर त्यात कोणती फिल्म चालवायची हे ठरवता येणार नाही, असा तो निकाल. न्यायमूर्ती होम्स यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.

फॉक्सही काही संत नव्हता. १९२९ मध्ये थिएटरांची मोठी साखळी असलेली लोज कंपनी तो गिळायला निघाला, तेव्हा सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्यानेच त्याची वाट अडवली.