सही करण्यापूर्वी

‘फादर, पहाटेची गाडी पकडून कामावर जायचे आणि रात्री दमून परतायचे. यात श्रद्धा जगायला सवड कुठे आहे?’ ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातील श्रद्धावंतांच्या तोंडून हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकतो. प्रश्न प्रामाणिक आहे. मात्र त्यात एक गृहीत दडलेले आहे. श्रद्धा म्हणजे प्रार्थनेसाठी काढलेला वेळ आणि काम म्हणजे त्यातून वजा झालेले तास, असे आपण मनाशी धरून चालतो. आमच्या मते हे गृहीतच तपासून पाहायला हवे.

या परिसराचे जीवन कामाभोवतीच उभे राहिले. १८५३ साली ठाण्यापर्यंत आलेली रेल्वे १ मे १८५४ रोजी कल्याणला पोहोचली. १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा प्रारंभ झाला आणि पुढे डोंबिवलीतही कारखान्यांची वसाहत वाढली. रविवारच्या पहिल्या मिस्साला बसलेल्यांपैकी काही जण रात्रपाळी संपवून थेट आलेले असतात. (प्रवचनात त्यांना डुलकी लागली तर आम्ही ते मनावर घेत नाही.)

संत जॉन पॉल दुसरे यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी मानवी श्रमावर एक परिपत्रक प्रसिद्ध केले. हा विषय त्यांनी केवळ ग्रंथांतून शिकलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात पोलंड जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांनी क्राकूव्हजवळ आधी दगडाच्या खाणीत आणि नंतर सोड्याच्या रासायनिक कारखान्यात मजुरी केली होती. डोंबिवलीतील कामगाराला रसायनांचा जो वास परिचित आहे, तसाच काहीसा वास या परमगुरुस्वामींनाही परिचित असला पाहिजे! त्या परिपत्रकाचा गाभा असा की, श्रमाचे मोल तयार झालेल्या मालावरून ठरत नाही. ते काम करणारी व्यक्ती कोण आहे यावरून ठरते. माल माणसासाठी असतो. माणूस मालासाठी नसतो.

हे तत्त्व वेदीवरून सांगणे सोपे आहे. त्याची कसोटी लागते ती कारखान्याच्या आवारात. २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत भीषण स्फोट झाले. दोन्ही वेळा माणसे दगावली आणि दूरवरच्या इमारतींच्याही काचा फुटल्या. त्या घटनांचा दोष कोणाचा, हे ठरवणे आमचे काम नाही. मात्र त्यानंतर आमच्याशी बोलायला आलेल्या काही श्रद्धावंतांनी जे मन मोकळे केले, ते स्वतःच्या कामाविषयी होते. टाकीजवळ वेल्डिंग सुरू करण्यापूर्वी परवान्याचा कागद भरायचा असतो. वायूची तपासणी झाली का, झडप बंद आहे का, पाणी आणि अग्निशामक जवळ आहे का, हे प्रत्यक्ष पाहून सही करायची असते. घाई असली की कागद आधी भरला जातो आणि पाहणी राहून जाते. ‘सगळेच करतात, फादर,’ हे वाक्यही आम्ही ऐकले.

ही सही म्हणजे साक्ष आहे. न पाहिलेले पाहिले असे लिहिणे आठव्या आज्ञेत मोडते. आणि त्या सहीवर विसंबून टाकीत उतरणाऱ्याचा जीव गेला, तर पाचवी आज्ञाही दूर राहत नाही. अनुवादाच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा घालावा, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष घरावर येणार नाही. देवाच्या नियमशास्त्रात कठड्याला स्थान आहे, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. परवान्याचा कागद हा आजचा कठडाच होय.

परंतु सही एकट्याची असली तरी दबाव गटाचा असतो. ‘याच्यामुळे आपली पाळी लांबली’ असे चार सहकारी म्हणू लागले की भल्याभल्यांचा धीर सुटतो. मत्तयच्या अठराव्या अध्यायात चुकणाऱ्या बंधूशी कसे वागावे याचा क्रम प्रभू येशूने घालून दिला आहे: आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, आणि शेवटी मंडळीसमोर. सहकाऱ्याला चारचौघांत खजील न करता प्रथम बाजूला घेऊन बोलावे, ही शिकवण कारखान्यात तितकीच उपयोगी पडते, आणि बँकेत, रुग्णालयात, संगणकाच्या कचेरीतही. मात्र जीवच धोक्यात असेल तेथे क्रमाची वाट पाहू नये. काम तत्काळ थांबवावे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा घातक प्रक्रियेच्या कारखान्यांतील कामगाराचा धोका वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा हक्क कायद्यानेही मान्य केला.

येथे आम्हा धर्मगुरूंना जपून बोलावे लागते. कायम नोकरीत असलेल्याने नकार देणे वेगळे आणि ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्याने देणे वेगळे. दुसऱ्याला उद्या फाटकातूनच परत पाठवले जाऊ शकते. त्याला धैर्याचा उपदेश करून आम्ही धर्मगुरुनिवासात परतलो, तर तो उपदेश पोकळ ठरेल. अनेक धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल संघाचे सभासद आजारी आणि गरजू कुटुंबांच्या घरी जाऊन मदत पोहोचवतात. खोटी सही नाकारल्यामुळे ज्याचा रोजगार गेला, त्याच्या घरातील किराणा आणि मुलांची फी हाही त्यांच्या यादीतील विषय असावा, असे आम्हाला वाटते. अशा कुटुंबाची माहिती कोणास असल्यास त्यांनी संकोच न करता आपल्या धर्मगुरूंना कळवावे.