लस शाळेत, मुलगी भट्टीवर

दिवाळी आटोपली की वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा, मालेगाव, रिसोडकडच्या बंजारा तांड्यांवर मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल आधीच घेतलेली असते. पीठ, गोधड्या, भांडी, एखादी शेळी आणि त्यांच्यासोबत तेरा-चौदा वर्षांची पोरगीही गाडीत चढते. कोपीवर धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतंच. गाडी ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीकडे निघते. शाळेच्या पटावर तिचं नाव तेवढं राहतं.

एचपीव्हीची लस नेमकी याच वयाच्या मुलीसाठी आहे.

गर्भाशयमुखाच्या जवळपास प्रत्येक कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो. त्याचे १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांना जबाबदार आहेत. भारतात दरवर्षी ऐंशी हजारांच्या आसपास बायका या रोगाने दगावतात. संसर्ग शरीरसंबंधातून होतो आणि तो टिकून राहिला तर कर्करोग व्हायला बहुधा १५ ते २० वर्षं लागतात. झालेला संसर्ग लस घालवू शकत नाही. म्हणून ती आधी द्यायची. शिवाय ९ ते १४ या वयात शरीर प्रतिपिंडंही भरपूर तयार करतं.

आया मात्र विचारतात, ‘पोरीला आत्ताच कशाला? पुढं मूलबाळ होईल ना?’ २०१८च्या गोवर-रुबेला मोहिमेतही वंध्यत्वाची अफवा राज्यात काही ठिकाणी पसरली होती. प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. विषाणूचं बाहेरचं कवच एल-१ नावाच्या प्रथिनाचं असतं. हे प्रथिन वेगळं तयार केलं की त्याचे रेणू आपोआप जुळून पोकळ गोळा बनतो. लशीत असतो तो हाच. त्यात विषाणूची जनुकं नसतात, त्यामुळे संसर्ग होऊच शकत नाही आणि गर्भाशयाशीही त्याचा काही संबंध येत नाही. दंडात सुई, थोडं दुखणं, कधी कणकण. चक्कर आलीच तर सांभाळता यावं म्हणून मुलीला थोडा वेळ बसवून ठेवतात. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या पिढीत पुढे या कर्करोगाचा एकही रुग्ण आढळला नाही.

अविश्वासाला मात्र इतिहास आहे. २००९मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला आदिवासी मुलींना ही लस दिली गेली. सात मुलींचे मृत्यू झाले. ते लशीमुळे नव्हते, असं चौकशीत निघालं. पण खम्ममच्या कितीतरी संमतिपत्रांवर आई-बापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. माझ्या मते खरा घाव तो होता. वाशीमच्या मुलींबाबत ही गोष्ट विसरून चालणार नाही: आई-बाप भट्टीवर आणि मुलगी हंगामी वसतिगृहात असेल, तर सही कोणाची?

या वादात एप्रिल २०१०मध्ये सरकारने एचपीव्ही लशीच्या सगळ्याच चाचण्या थांबवल्या. दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास बार्शी, पुणे, मुंबईसह देशात नऊ ठिकाणी चालू होता, तोही अडला. हजारो मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१मध्ये निष्कर्ष आला: १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळतं. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला.

स्थलांतर करणाऱ्या घरासाठी याचं मोल फार मोठं आहे. सहा महिन्यांनी दुसऱ्या मात्रेला मुलगी कुठल्या जिल्ह्यात असेल, हे कोण सांगणार? उरतो तो खर्च. पुण्यात तयार झालेली सर्व्हाव्हॅक ही एचपीव्ही लस २०२३मध्ये बाजारात आली तेव्हा मात्रेला सुमारे २००० रुपये पडत. मजुरीवरच्या घराला ते झेपणारे नाहीत. लस फुकटच हवी.

ती टोचायची वेळ म्हणजे जूनअखेर शाळा उघडल्यापासून दिवाळीपर्यंत. बोलण्याची वेळ त्याआधीची, आणि बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत व्हावं. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत तोडीवरून परतलेले आई आणि बाप दोघंही भेटतात. आशाताईंनी आणि आरोग्यसेविकांनी तिथे त्यांना गाठावं, प्रश्न ऐकून घ्यावेत. मग जुलैत संमतिपत्रावर आईचा अंगठा उमटेल तो समजून-उमजून.