निष्ठा कोणाशी? : गुन्हेगारी चित्रपटांतील मातेचा न्याय

दिलेला शब्द पाळणे हा मोठा गुण खरा. परंतु तो शब्द कोणाला आणि कशासाठी दिला, हा प्रश्न त्याहूनही मोठा आहे. दुर्योधनाने भर सभेत अंगदेशाचे राज्य देऊन कर्णाचा मान राखला आणि त्या उपकाराला जागून कर्ण अखेरपर्यंत अधर्माच्या बाजूने लढला. त्याची निष्ठा निष्कलंक होती. तिचे स्थान मात्र चुकले होते. गुंडांच्या टोळ्यांवरील चित्रपट प्रेक्षकांच्या मनाची पकड घेतात ते याच पेचामुळे.

रामगोपाल वर्मा यांचा १९९८ चा ‘सत्या’ पाहावा. मुंबईत आलेल्या एका अनोळखी तरुणाला तुरुंगात भिकू म्हात्रे भेटतो आणि दोघे जिवाभावाचे मित्र होतात. घर नसलेल्याला घर, नाव नसलेल्याला मान टोळी देते. परंतु ज्या भाऊच्या राजकारणासाठी भिकू राबला, तोच भाऊ निवडणूक जिंकताच त्याला गोळी घालतो. गणेशविसर्जनाच्या गर्दीत सत्या मित्राचा सूड घेतो आणि स्वतःही मरतो. तात्पर्य उघड आहे. ज्या घराचा पाया भीतीवर आहे, तेथे विश्वासघात हा अपवाद नसून नियमच होय.

मग खरी अब्रू कोणती? या प्रश्नाचे उत्तर भारतीय चित्रपटांनी वारंवार आईच्या मुखातून दिले आहे. मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’त (१९५७) नर्गिसने साकारलेली राधा गावच्या लेकीची अब्रू राखण्यासाठी पोटच्या बिरजूवर बंदूक चालवते. ती लेक ज्याने राधेला छळले त्या सावकाराची, हे विशेष. ‘दीवार’मध्ये (१९७५) आई एका मुलाच्या हाती कर्तव्याचे पिस्तूल देते आणि दुसऱ्याची वाट पाहत मंदिरात जाऊन बसते. महेश मांजरेकर यांच्या ‘वास्तव’मध्ये (१९९९) रीमा लागू यांनी रंगविलेली मराठी माता आपल्या रघूला स्वतःच्या हातांनी मुक्त करते. योगायोग असा की, रघूची भूमिका करणारे संजय दत्त हे नर्गिस यांचेच पुत्र. आईने झाडलेली गोळी बेचाळीस वर्षांनी जणू त्याच घरी परतली.

पाश्चात्त्यांच्या ‘गॉडफादर’मध्ये न्याय निराळा आहे. १९७४ च्या दुसऱ्या भागात मायकेल आपल्या द्रोही सख्ख्या भावाला ठार करवितो. परंतु आई जिवंत असेपर्यंत थांबतो. तेथे आई सूडाची मर्यादा आहे. येथे ती स्वतःच न्यायाधीश आहे.

गिरमिटियांच्या वंशजांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १८३४ पासून करारावर अंगठा उमटवून मॉरिशसला उतरलेली माणसेही घरदार सुटलेली, कोंदट वस्तीत कोंबलेली होती. ज्या उणिवेतून टोळी जन्मते, ती उणीव त्यांच्याही वाट्याला आली. त्यांनीही अनोळखी सहप्रवाशाला ‘जहाजी भाई’ मानले आणि ते नाते रक्ताच्या नात्यासारखे जपले. भेद एवढाच की, त्या बंधुत्वाने कोणाकडून पापाची किंमत मागितली नाही. ते भाकरी वाटून घेण्यासाठी, आजारात उशाशी बसण्यासाठी आणि लेकीबाळींच्या लग्नात उभे राहण्यासाठी होते.

आज दुबई सिलिकॉन ओएसिसमधील उंच इमारतींत नोकरीनिमित्त आलेली किती तरी कुटुंबे राहतात. चित्रपटांत दुबई म्हणजे बहुधा फरारी दादाचा आश्रय. प्रत्यक्षात मात्र ती सकाळी कामावर जाणाऱ्या आणि महिनाअखेरीस घरी पैसे धाडणाऱ्या माणसांची नगरी आहे. परदेशात एकट्या पडलेल्या तरुणाला आपुलकी हवीच असते. ती त्याला सज्जनांच्या घरी मिळाली नाही, तर तो ती अन्यत्र शोधतो. सणासुदीला त्याच्यासाठी एक पान अधिक मांडणे, हे म्हणून केवळ आतिथ्य नव्हे. ते समाजाचे रक्षण आहे.

मुलांनी हे चित्रपट अवश्य पाहावेत. परंतु पाहून झाल्यावर वडीलधाऱ्यांनी त्यांना एकच प्रश्न विचारावा : या मित्राने मागितलेली गोष्ट तू आईला सांगू शकशील काय? जी निष्ठा आईपासून लपवावी लागते, ती निष्ठा नव्हे.