हजार रुपयांत वायर की वायरलेस?

हजार रुपयांत कानाला लावायचं काही घ्यायला गेलं की काउंटरवर तीन प्रकार दिसतात: साडेतीन एमएमच्या पिनचा वायरवाला इअरफोन, गळ्यात अडकवायचा नेकबँड आणि डबीतले बड्स. हल्ली तिन्ही या रकमेत बसतात. त्यामुळे गिऱ्हाईक सरळ हिशेब करतं, की तेवढ्याच पैशात वायरची कटकट नसलेली वस्तू मिळतेय, तर वायर घ्यायची कशाला?

या हिशेबात एक रकाना राहून जातो. वायरवाल्यात पैसे जातात ते दोन ड्रायव्हर, तार, पिन आणि माइक यांत. बड्समध्ये त्याच रकमेत दोन ब्लूटूथ चिपा, दोन अँटेना, डबीतली धरून तीन बॅटऱ्या, माइक, टचची सोय आणि चार्जिंगची डबी एवढं सगळं उभं करायचं असतं. मग प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या भागाच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, वाट्याला काय उरत असेल? हे ध्यानात ठेवलं की बऱ्याच समजुती आपोआप सैल होतात. काही मात्र चिवट आहेत.

‘ब्लूटूथवर आवाज खराबच येतो’

हा वायरवाल्यांचा लाडका दावा, आणि तो अर्धाच खरा. ब्लूटूथवरून पाठवताना गाणं दाबून लहान केलं जातं. त्या दाबण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी नावाचा कोडेक गाणी वाजवणाऱ्या प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनमध्ये असावाच लागतो, आणि त्याची नेहमीची वरची मर्यादा सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट आहे. आता आपण ऐकतो ते पाहा. यूट्यूबवरचं किंवा फुकट ॲपवरचं गाणं मुळातच १२८ ते १६० किलोबिटांच्या आसपास दाबून आलेलं असतं. ते पुन्हा एकदा दाबल्यावर थोडं नुकसान होतं, पण स्वस्त बड्सवर गायिका मागे आणि ढोल पुढे असं जे ऐकू येतं, त्याचा दोष हवेतल्या प्रवासावर टाकता येत नाही. तो ड्रायव्हरचा आणि बासचा भडिमार करणाऱ्या ट्यूनिंगचा असतो. तशाच ट्यूनिंगचा वायरवाला घेतला तर तोही तसाच घुमणार.

याची उलटी समजूत खोक्यावरच छापलेली असते. ‘ब्लूटूथ ५.३’ मोठ्या अक्षरांत. हा आकडा जोडणीच्या पद्धतीचा आहे, आवाजाच्या दर्जाचा नव्हे. नव्या आवृत्तीत वीज कमी लागते, जोडणी जरा स्थिर राहते. गाणं मात्र बहुतेक वेळा त्याच जुन्या एसबीसीवरून किंवा एएसी या दुसऱ्या कोडेकवरून येतं. सोनीच्या एलडॅकसारखे ९९० किलोबिटांपर्यंत जाणारे कोडेकही आहेत, पण हजारात त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. रस्ता रुंद करून उपयोग काय, शेवटच्या टोकाला ड्रायव्हर तोच असेल तर!

खोक्यावरचे बाकीचे आकडे

‘१३ एमएम ड्रायव्हर’ म्हणजे मोठा आवाज, असं नाही. चांगले ट्यून केलेले ८ किंवा १० एमएमचे ड्रायव्हर त्याहून सरस वाजतात. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा तर माणसाच्या कानाचा पल्ला. तो सगळेच छापतात, आणि त्या पल्ल्यात कुठे उंचवटा आहे, कुठे खड्डा, हे कोणीच सांगत नाही.

‘५० तास प्लेटाइम’ यात डबीची बॅटरी धरलेली असते. एका बडमधली बॅटरी साधारण ३० ते ५० एमएएचची, फोनच्या बॅटरीच्या शंभराव्या भागाएवढी. ती एका दमात काही तास चालते, मग डबीत ठेवावी लागते. वर हा आकडा बहुधा अर्ध्याच्या आसपासच्या आवाजावर मोजलेला असतो. लोकलमध्ये आवाज वाढवून ऐकणाऱ्याला तो कधीच मिळत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ईएनसी आणि एएनसी या दोन जुळ्या दिसणाऱ्या शब्दांनी. ईएनसी हे माइकसाठी असतं. तुम्ही रिक्षात बसून बोलताय, तर रिक्षाचा आवाज पलीकडच्या माणसाला कमी ऐकू यावा, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानात येणारा गोंगाट त्याने तसूभरही कमी होत नाही. तुमच्या कानासाठी असतं ते एएनसी. त्यात बाहेरचा आवाज माइकने टिपून त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडली जाते. ते चांगलं जमवायला पैसे लागतात, आणि जमलं तरी पंखा, एसी, बसचं इंजिन अशा एकसुरी, खालच्या घरघरीवरच त्याचा जोर चालतो. शेजारच्या माणसाच्या फोनवरच्या गप्पांवर त्याचा फारसा इलाज नाही. हजारात ‘नॉइज कॅन्सलेशन’ लिहिलेलं दिसलं, तर ते ईएनसी आहे की एएनसी, हे आधी नीट वाचावं.

‘ऑनलाइन मुलाखतीला बड्स बरे दिसतात’

दिसतात खरे. पण लॅपटॉपला ब्लूटूथ हेडफोन जोडून मीटिंग सुरू केली की आवाज एकदम डबक्यात पडल्यासारखा होतो, हा अनुभव अनेकांना असेल. ती वस्तू बिघडलेली नसते. गाणी ऐकताना ब्लूटूथ एका दिशेने, दोन्ही कानांना वेगळा आवाज पाठवतं. माइक चालू झाला की त्याला दोन्ही दिशांनी काम करावं लागतं आणि ते ‘हँड्सफ्री’ पद्धतीवर उतरतं. मग दोन्ही कानांत एकच आवाज येतो, आणि त्याचे नमुने सेकंदाला सहसा ८,००० किंवा १६,००० वेळा घेतले जातात. गाण्याच्या सीडीत ते ४४,१०० वेळा घेतलेले असतात. महागड्या हेडफोनलाही ही अडचण बऱ्याच अंशी येते.

वायरवाल्या साध्या इअरफोनला हा प्रश्नच नाही. लॅपटॉपवर एकच भोक असेल तर तो थेट चालतो. जुन्या डेस्कटॉपला मागे हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात, तिथे पिन दोघांत वाटणारा छोटा जोड घ्यावा लागतो. अभ्यासिकेत बसून ऑनलाइन क्लास करणाऱ्या किंवा नोकरीच्या मुलाखती देणाऱ्याने वायर घ्यावी, हे मी डोळे मिटून सांगेन.

आवाज उशिरा पोचण्याचं दुखणंही ब्लूटूथचंच. साध्या ब्लूटूथवर दीड-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. सिनेमा बघताना बहुतेक ॲप चित्र तेवढंच मागे ओढून मेळ घालतात, त्यामुळे तक्रार नसते. गेममध्ये आणि फोनवर पेटी किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्या ॲपमध्ये मात्र बोट आधी आणि सूर नंतर अशी गत होते. गेम मोडने उशीर घटतो, जात नाही.

‘वायर तुटते, वायरलेस टिकतं’

वायर तुटते, यात शंका नाही. आणि ती ठरलेल्या दोन जागी तुटते: पिनेच्या मुळाशी, नाहीतर दोन्ही कानांच्या तारा एकत्र येतात तिथे. पण ती तुटल्याचं निदान घरबसल्या होतं. एक कान बंद झाला तर त्या कानाची तार गेली. याहून गमतीशीर बिघाड म्हणजे गाणं चालू आहे, वाद्यं ऐकू येताहेत, पण गाणारीच गायब, किंवा विहिरीच्या तळातून गातेय असं वाटतं. अशा वेळी समाईक तार, म्हणजे ग्राउंड, तुटलेली असते. ती तुटली की दोन्ही कानांतले ड्रायव्हर एकामागे एक जोडले जातात, आणि डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा उरतो. गायिकेचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो आपसात खोडला जातो. जुनी मोनो भावगीतं लावलीत तर जवळजवळ सगळंच गाणं नाहीसं होईल! पिन अर्धवट बसली तरी असंच होतं, म्हणून इअरफोन टाकून देण्याआधी पिन दाबून आणि फोनच्या भोकातला कचरा काढून पाहावा.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नवी पिन सोल्डर करून मिळते. आतल्या तारा केसासारख्या बारीक, बहुधा लाल उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची आणि तांब्याच्या रंगाची ग्राउंडची. त्यांच्यावर रोगणाचा पातळ थर असतो. तो आधी जाळावा लागतो, नाहीतर सोल्डर धरतच नाही. घरी करून पाहणाऱ्यांचं बहुतेक इथेच बिनसतं. याहून सोपा मार्ग म्हणजे तार वेगळी काढता येणारा इअरफोन घेणं. हजारच्या आतबाहेर असे चिनी बनावटीचे ‘आयईएम’ मिळतात. त्यांची तार दोन बारीक पिनांवर बसते, तुटली की नुसती तारच बदलायची.

बड्समध्ये तुटायला वायर नाही, पण संपायला बॅटरी आहे. लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते, आणि तिथून पुढची घसरण थांबत नाही. रोज वापरणाऱ्याचे ३०० चार्ज वर्षभरात होतात. बडमधली ती चिमुकली बॅटरी बदलून देणारा सहसा सापडत नाही, कारण बडचं कवच डिंकाने बंद केलेलं असतं. त्यातून एक बड गाडीच्या फटीतून रुळांवर पडला, तर उरलेला एकटा. सुटा बड विकत मिळेलच असं नाही.

वायरलेसच घ्यायचं असेल तर म्हणून मी आधी नेकबँडकडे बोट दाखवेन. त्याला बॅटरी ठेवायला जागा असते, म्हणून ती मोठी असते. डबीचा खर्च वाचतो. आणि कानातून सुटला तरी गळ्यातच राहतो. दिसायला तो आता जरा जुना वाटतो, हे मान्य.

‘नव्या फोनला वायर जोडताच येत नाही’

आयफोन ७ मधून २०१६ साली साडेतीनचं भोक गेलं आणि मागोमाग महागड्या फोनांतूनही गेलं. कमी किमतीच्या अनेक फोनांत ते अजून आहे, तेव्हा आधी आपला फोन खालून-वरून बघावा. भोक नसेल तर सी-टाइपचा कनेक्टर लागतो, आणि इथे शंभर-दीडशे रुपये वाचवायला जाऊन लोक अडकतात. काही कनेक्टर नुसत्या तारा इकडच्या तिकडे फिरवतात. फोन स्वतः सी-टाइपमधून ॲनालॉग आवाज देत असेल तरच ते चालतात, नाहीतर अगदी गप्प. काहींमध्ये डीएसी नावाची छोटी चिप असते, ती अंकांचं रूपांतर आवाजात करते. विकत घेताना दुकानातच आपल्या फोनला लावून, गाणं वाजवून आणि एक फोन करून बघावा. सी-टाइप पिनचाच इअरफोन घेतला तरी हीच खबरदारी. चार्जिंग आणि ऐकणं एकाच वेळी होणार नाही, तेही लक्षात असू द्या.

वायरचा एक फायदा जाता जाता. फोनमध्ये एफएम असेल तर इअरफोनची तार हीच त्याची अँटेना. एफएमच्या लहरींची लांबी साधारण तीन मीटर असते आणि मीटरभराची तार ती छान पकडते. फोनांतलं एफएम बंद ठेवू नये, असं केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये कंपन्यांना सुचवलं होतं. विविध भारती ऐकायला मग डेटा लागत नाही.

‘ब्लूटूथच्या किरणांनी मेंदूला धोका’

सामान्य ब्लूटूथ हेडफोन जास्तीत जास्त अडीच मिलिवॉट शक्तीने लहरी सोडतो. फोरजी फोन कमकुवत रेंजमध्ये दोनशे मिलिवॉटपर्यंत जातो. म्हणजे फोन कानाला लावण्यापेक्षा तो खिशात ठेवून बड्सवर बोलताना डोक्याजवळच्या लहरी उलट कमीच होतात. वायरनेही तेच साधतं. या लहरी एक्स-रेसारख्या अणूतले इलेक्ट्रॉन उडवणाऱ्या नाहीत. फोनसाठी भारतात एसएआरची, म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींच्या शक्तीची, मर्यादा किलोला १.६ वॉट आहे. आपल्या फोनचा आकडा *#०७# दाबून बघता येतो.

कानाला खरा धोका आवाजाचा आहे, आणि तिथे वायर-वायरलेस असा भेद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा फक्त ४ तास. गर्दीच्या डब्यात बाहेरचा गोंगाटच मोठा, म्हणून आपण त्याच्यावर आवाज चढवतो. कानात घट्ट न बसणाऱ्या, रबर नसलेल्या बड्समध्ये तो सगळ्यात जास्त चढवावा लागतो. रबरवाल्या इअरफोनच्या खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापं येतात. बहुतेक लोक मधलं लावलेलं असतं तेच वापरतात, बाकीची कपाटात पडून राहतात. ती लावून बघावीत, दोन्ही कानांना वेगळं माप लागलं तरी लावावं. कानाजवळ बोटं चोळल्याचा आवाज मंद झाला की रबर नीट बसलं. मग बास आपोआप भरतो, आणि आवाजाची पट्टी दोन-तीन घरं खाली आणता येते.