चष्मा सारखा बदलतोय? पारपटल तपासा

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलू लागला की घरात मोबाइलवर खापर फुटते. पण त्यातला सिलिंड्रिकल नंबर झपाट्याने वाढत असेल, अक्षरांना सावली दिसत असेल, रात्री दिव्यांचा प्रकाश फाकत असेल, तर केरॅटोकोनसची शंका घ्यायला हवी. या आजारात बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, पातळ होत जाते आणि शंकूच्या आकारात पुढे येते. मध्यभागी त्याची जाडी मुळातच जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. आजार बहुधा किशोरवयात सुरू होतो आणि तिशी-चाळिशीपर्यंत वाढत राहू शकतो.

'डोळे चोळल्याने काय होतंय?' हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. आजारामागे आनुवंशिकताही असते, चोळणे हे एकमेव कारण नाही. पण कमकुवत पारपटलावर वारंवार दाब पडला की ते आणखी ढासळते. अ‍ॅलर्जीने डोळे खाजणाऱ्या मुलाला नुसते 'चोळू नकोस' म्हणून दटावणे मला अन्यायाचे वाटते. त्याच्या खाजेवर उपचार करा. मात्र दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणू नका. त्यांच्या दीर्घ वापराने काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

'लेसरने नंबर घालवून टाकू' हा विचार तर इथे धोक्याचाच. लॅसिकमध्ये पारपटलाचा काही भाग काढला जातो, आणि इथे ते आधीच पातळ झालेले असते. म्हणूनच लॅसिकपूर्वी टोपोग्राफी, म्हणजे पारपटलाच्या आकाराचा नकाशा, काढून घेणे आवश्यक असते.

आजार थोपवण्याचा उपचार आहे क्रॉस-लिंकिंग. तो जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये विकसित झाला. रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. मूळ पद्धतीत डोळा बधिर करून पारपटलाचा सर्वांत वरचा थर काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) थेंब घालतात आणि मग अर्धा तास अतिनील किरण सोडतात. त्यामुळे पारपटलातल्या कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे बंध तयार होऊन ते बळकट होते. पण यानंतर चष्मा सुटेल अशी आशा धरू नये. उपचाराचा हेतू आहे ती दृष्टी टिकवण्याचा, म्हणून तो जितका लवकर होईल तितका बरा. पारपटल फारच पातळ झाले की हा मार्ग अवघड होतो.

स्पष्ट दिसण्यासाठी पुढे चष्मा, आणि तो पुरेनासा झाला तर आरजीपी किंवा स्क्लेरल प्रकारच्या कडक कॉन्टॅक्ट लेन्स उपयोगी पडतात. लेन्सने दिसते छान, मात्र आजार थांबत नाही. नेत्ररोपण, म्हणजे पारपटलाचे रोपण, प्रत्येकाला लागत नाही. पारपटलावर व्रण पडला किंवा लेन्सनेही भागेनासे झाले, तर त्याचा विचार होतो. संपूर्ण अंधत्वाची भीती बाळगायचे कारण नाही.

घरात एकाला केरॅटोकोनस निघाला, तर त्याच्या भावंडांचीही टोपोग्राफी करून घ्या, त्यांना काही त्रास नसला तरी.